मालमोटारीच्या काचेखालील जाळी व झाडांचा पाला

ऊसगळिताचा हंगाम आटोपला म्हणजे बारामती व इंदापूर तालुक्यांतील पुष्कळ बागाईतदारांच्या मालमोटारी पावसाळाभर घराशेजारी उभ्या असतात. गाडी लावावयाची ती सावलीत, आणि सावली म्हणजे आमच्याकडे चिंच, कडुलिंब, नाही तर बाभूळ. उन्हाने टायर तडकू नयेत हा हेतू रास्तच होय. परंतु त्याच झाडाचा पाला गाडीच्या ज्या जागी साचतो तिकडे सहसा लक्ष जात नाही. आमचेही गेले नव्हते.

जुन्या धाटणीच्या पुष्कळ गाड्यांस समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या बुडाला, आडवी जाळी असते. गाडी चालू लागली की काचेवर आदळणाऱ्या वाऱ्याचा दाब तेथे वाढतो, म्हणून केबिनीत ताजी हवा घेण्याचे तोंड तेथे ठेवितात. जेथे हवा शिरते तेथे पाऊसही शिरणारच. याकरिता जाळीखाली पत्र्याची पन्हळ केलेली असते. हवा वरच्या अंगाने केबिनीत जाते, व पाणी तळाशी उतरून दोन्ही कडांच्या भोकांवाटे मडगार्डाच्या आतून जमिनीवर पडते. भोके बुजली की पन्हळ भरते आणि पाणी हवेच्याच वाटेने केबिनीत उतरते. चारीचे तोंड गाळाने बुजल्यावर पाणी भलत्याच वावरात कसे शिरते, हे नीरा डाव्या कालव्यावरील बागाईतदारांस आम्ही सांगावे असे नाही.

यांत पाल्यापाल्यांतही भेद आहे. उसाचे पाचट किंवा आंब्याचे पान जाळीवरच अडते व डोळ्यांस दिसते. चिंचेची व बाभळीची बारीक पाने मात्र जाळीतून थेट आत गळतात, आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर त्यांचा चिखल होऊन भोकांवर बसतो.

आमच्या घरच्या जुन्या गाडीत पावसाळ्यात पाणी येऊ लागले. मिस्त्रीने काचेच्या रबरास दोष दिला. आम्ही रबर बदलविले. पाणी येतच राहिले. रबरी चटईखालचा पत्रा कुजून बोट आरपार जाऊ लागले, दिव्यांच्या तारांचे जोड हिरवे पडले, तेव्हा जाळी उघडून पाहिली. आत वीतभर काळे खत आणि त्यात चिंचेचे एक रोप! आमची हयात महसुली दप्तरात गेली. बांधावरच्या झाडांची नोंद पुष्कळ केली, पण या झाडास कोणता रकाना द्यावा हे सुचेना. पत्र्याचे काम मात्र रबराच्या कितीतरी पट महाग पडले.

साफसफाई वैशाखात, पाला कोरडा असताना करावी. इंजिन थंड असावे व किल्ली काढून ठेवावी. हाती जाड हातमोजे घालावे, कारण अशा ओलसर जागी विंचू सापडणे नवल नव्हे. नाकास फडके बांधावे. कुजक्या पाल्याची बुरशी छातीस बाधते. जाळीचे स्क्रू काढून पाला हाताने उचलावा, कोपऱ्यांतला जुन्या ब्रशाने ओढून घ्यावा. आरंभीच पाणी ओतू नये. त्याने पाला भोकांत अधिकच घट्ट बसतो. बुजलेले भोक खालून वर, बोथट तारेने किंवा पंपाच्या बेताच्या हवेने मोकळे करावे. मग तांब्याभर पाणी सावकाश ओतून ते दोन्ही मडगार्डांखाली उतरते की नाही हे पाहावे. एकाच बाजूस उतरले तर काम अर्धेच झाले.

हाती लागल्यासरशी रेडिएटरही पाहून घ्यावा. उसाच्या फडात फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर पाचटाचा भुसा चिकटतो व इंजिन तापते. तो इंजिनाच्या बाजूने बाहेर, मंद धारेने धुवावा. जोराच्या धारेने बारीक पाती वाकतात.

काही मंडळी गाडी उभी करताना काचेखालच्या जाळीवर गोणपाट टाकितात. ते पावसात भिजून तेथेच पत्रा गंजवते. त्यापेक्षा जाळीच्या आतून डासांच्या जाळीचा तुकडा बसवावा व पंधरा दिवसांनी झटकावा. पुढल्या वर्षी आम्ही गाडी चिंचेखालून काढून गोठ्याच्या पडवीस लाविली.