मधपेट्यांचे हिवाळी वाऱ्यापासून संरक्षण

मधपेट्यांचे हिवाळी वाऱ्यापासून संरक्षण म्हणजे थंड प्रदेशांतील पाळीव मधमाश्यांच्या वसाहती हिवाळ्यात तगून राहाव्यात यासाठी जागेची निवड, आडोसा, पेटीचे आच्छादन आणि वायुवीजन यांद्वारे केली जाणारी व्यवस्था होय. युरोप, उत्तर अमेरिका व हिमालयाच्या उंच भागांतील मधमाशीपालनात तिला विशेष महत्त्व आहे. पुढील वर्णन मुख्यतः युरोपीय मधमाशीला (एपिस मेलिफेरा) लागू पडते.

वसाहतीचा हिवाळा

मधमाश्या शीतनिद्रा घेत नाहीत. पेटीतील तापमान सुमारे १४° सेल्सिअसच्या खाली गेले की त्या राणीभोवती दाटीवाटीने जमून गोळा करतात. फिलिप्स आणि डेमुथ या अमेरिकी संशोधकांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गोळ्याच्या तापमानाच्या नोंदी दिल्या आहेत. गोळ्याच्या आतील माश्या पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात, तर बाहेरच्या थरातील माश्या एकमेकींना घट्ट बिलगून ती अडवून धरतात. अंडी-अळ्या असतील तर गाभ्याचे तापमान ३४° ते ३५° सेल्सिअस राखावे लागते. बाहेरचा थर मात्र १०° सेल्सिअसच्या आसपास असतो. त्याहून फार गारठलेली माशी हालचाल करू शकत नाही व गोळ्यातून गळून पडते.

या उष्णतेचे इंधन म्हणजे साठवलेला मध. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात एका वसाहतीसाठी साधारण २५ ते ४० किलोग्रॅम मध पेटीत शिल्लक ठेवावा लागतो. उन्हाळ्यातील कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते, तर हिवाळी माशीला वसंत ऋतूपर्यंत अनेक महिने काढायचे असतात. मेलेल्या माश्यांची जागा घेणारी नवी पिढी या काळात जवळजवळ तयार होत नाही, त्यामुळे अकाली झालेली प्रत्येक हानी वसंतातील वसाहतीच्या बळातून वजा होते.

वाऱ्याचा परिणाम

कोरड्या पेटीत, पुरेसा मध असलेली सशक्त वसाहत शून्याखालील थंडीही सोसते. खरा घात वारा आणि ओलावा करतात. वारा पेटीच्या भिंतींवरील उबदार हवेचा पातळ थर सतत हटवतो आणि फटींतून आत शिरून गोळ्याजवळची ऊब काढून नेतो. परिणामी मधाचा खप वाढतो. गोळा फार आकसला तर त्याला फण्यांवरून सरकता येत नाही आणि काही सेंटिमीटरवर मध असतानाही वसाहत उपासमारीने मरते. वसंतात पेटी उघडल्यावर रिकाम्या घरांत डोके खुपसून मेलेल्या माश्या आढळतात; ती सहसा उपासमारीची खूण असते. शिवाय, उबदार दिवशी मलविसर्जनासाठी बाहेर पडलेल्या माश्या वाऱ्याने गारठून बर्फावर पडतात आणि परतत नाहीत.

आडोसा

पेट्या ठेवण्यासाठी दक्षिणेकडे उतार असलेली, ऊन मिळणारी जागा उत्तम मानली जाते. टेकडीचा माथा वाऱ्यामुळे गैरसोयीचा, तर खोलगट जागाही तितकीच वाईट, कारण जड थंड हवा आणि दमटपणा तेथे साचतो. उत्तर गोलार्धात प्रवेशद्वार बहुधा दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे ठेवतात.

सलग भिंत हाच सर्वांत चांगला आडोसा, असा समज सहज होतो. पण तो बरोबर नाही. सलग भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करत खाली उतरतो. सुमारे निम्मी जागा मोकळी असलेले कुंपण किंवा झुडपांची दाट रांग वाऱ्याला अडवण्याऐवजी मंद करते. तिचा चांगला परिणाम उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत जाणवतो. दोन मीटर उंचीचे कुंपण असेल तर सुमारे वीस मीटरपर्यंत. कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात शेतांच्या कडेने लावलेल्या वृक्षपट्ट्यांचा मधपाळांना असाच उपयोग होतो.

पेटीची तयारी

आडोशानंतर पेटीचा विचार येतो. प्रवेशद्वार अरुंद करतात, त्यामुळे वाऱ्याबरोबर उंदरांनाही अटकाव होतो. छपरावर दगड ठेवतात किंवा पेटी पट्ट्याने आवळतात. अतिथंड भागांत डांबरी कागद किंवा उष्णतारोधक आच्छादन गुंडाळतात. चार पेट्या एकमेकींना चिकटवून एकत्र बांधण्याचीही पद्धत आहे.

मात्र पेटी हवाबंद करणे घातक ठरते. एक किलोग्रॅम मध पचताना सुमारे ६५० ते ७०० ग्रॅम पाणी तयार होते. ही वाफ थंड छपराला लागून थिजते व थेंबाथेंबाने गोळ्यावर पडते. म्हणून वरच्या बाजूस लहान छिद्र ठेवतात किंवा छपराखाली उष्णतारोधक, ओल शोषणारा थर देतात. पेटी किंचित पुढे झुकती ठेवल्यास तळाशी साचलेले पाणी बाहेर वाहून जाते.

पारंपरिक पद्धती

ब्रिटनमध्ये पेंढ्याची पोळी ठेवण्यासाठी दगडी कुंपणभिंतींत कोनाडे बांधत. ते बहुतेक दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून असत. काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडात घराच्या जाड भिंतीतच मधमाश्यांसाठी पोकळी ठेवण्याची जुनी रीत आहे. माश्यांचे छिद्र बाहेर आणि मध काढण्याचे दार घरात असल्याने चुलीची ऊबही वसाहतीला मिळते. आधुनिक पेट्या वापरणारे काश्मिरी मधपाळ मात्र हिवाळ्यात वसाहती पंजाब, राजस्थानसारख्या उबदार राज्यांत हलवतात.

महाराष्ट्रात हिवाळ्याऐवजी पावसाळा हा वसाहतींच्या कसोटीचा काळ असतो. महाबळेश्वर परिसरात सातेरी मधमाशीच्या पेट्यांना जून ते सप्टेंबर या काळात वारा व पावसापासून आडोसा द्यावा लागतो आणि फुलोरा नसल्याने साखरेचा पाक पुरवावा लागतो.