चेहरा वाचण्याची तासिका

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे माणूस बहुधा शब्दांच्या आधी ओळखतो. चुकवलेली नजर, बसलेला आवाज, उतरलेला चेहरा पुरेसा असतो. मोबाइलवरच्या संवादातून नेमके हेच गळते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाची टिंगल झाली, तर त्याचा पडलेला चेहरा कुणाला दिसत नाही आणि मस्करी कुठे थांबवावी हेही कळत नाही. तोंडावर बोलायला जीभ धजत नाही ते पडद्याआडून सहज लिहिले जाते. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये या वागण्यामागची कारणे मांडली.

चेहरा वाचण्याची ही नजर पुन्हा कमावता येते. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच दिवस निसर्गशिबिरात, फोन-टीव्हीविना राहिलेल्या सहावीच्या मुलांच्या एका गटाचा अभ्यास केला. पाच दिवसांनंतर छायाचित्रांतल्या आणि चित्रफितींतल्या माणसांच्या भावना ओळखण्यात या मुलांनी, नेहमीप्रमाणे शाळेत गेलेल्या मुलांपेक्षा अधिक प्रगती दाखवली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे सगळे श्रेय फोन नसण्याला देणे मात्र घाईचे ठरेल. पाच दिवस एकत्र राहणे, खेळणे, भांडणे यांचाही त्यात वाटा असू शकतो.

टोरांटोत मेरी गॉर्डन यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या ‘रूट्स ऑफ एम्पथी’ या उपक्रमात तर वर्गात चक्क तान्हे बाळ येते. काही महिन्यांचे हे बाळ आई किंवा वडिलांबरोबर शालेय वर्षभर, साधारण महिन्यातून एकदा हजेरी लावते. मुले हिरव्या चादरीभोवती बसतात. बाळ रडू लागले की त्याला भूक लागली, झोप आली, की गर्दीची भीती वाटली, याचा अंदाज मुलांनी बांधायचा. बाळाला सांगता येत नाही, म्हणून निरखून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. मग चर्चा मुलांच्या स्वतःच्या भीतीकडे आणि रागाकडे वळते. असे वर्ग झालेल्या मुलांमधला आक्रमकपणा कमी झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे.

शाळांमधला छळ रोखण्यासाठीच्या फिनलंडच्या ‘किवा’ उपक्रमाचा रोख बघ्यांवर आहे, कारण छळणाऱ्याला बळ मिळते ते हसणाऱ्यांकडून. तुर्कू विद्यापीठात विकसित झालेल्या या उपक्रमात संगणकावरचे खेळही आहेत; म्हणजे पडदा सरसकट शत्रू नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या भावना जाणण्याची क्षमता, आहे. महाराष्ट्रातल्या परिपाठात सुविचार आणि बोधकथा असतात, पण ते सारे ऐकण्यापुरतेच. समानुभूतीच्या सरावासाठी शाळांनी आठवड्याची एक तासिका राखून ठेवावी.