सरहद्दीवरची समृद्धी : गोवा आणि पुद्दुचेरी

शुक्रवारी संध्याकाळी जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातून फेरफटका मारताना प्रवासी बसगाड्यांच्या कचेऱ्यांपुढे तरुणांची गर्दी दिसते. पाठीवर पिशव्या, हातात मोबाइल आणि जाण्याची ठिकाणे बहुधा दोनच: पश्चिमेला गोवा, पूर्वेला पुद्दुचेरी. दोन्हीकडची बस रात्री सुटते आणि सकाळी समुद्रकिनाऱ्याजवळ सोडते. या तरुणांच्या लेखी ही दोन गावे म्हणजे स्वस्त मद्य, जुनी युरोपीय घरे आणि दोन दिवसांची सुटी. ज्याची उमेदीची वर्षे सरकारी फायलींमध्ये गेली आणि त्याआधीची इतिहासाच्या अभ्यासात, त्याला मात्र यात एक जुना प्रश्न दिसतो. लहान प्रदेशाने मोठ्या राज्यात विलीन व्हावे की स्वतंत्र राहावे? स्वतंत्र राहिल्याने तेथील सामान्य माणसाचे जीवन सुधारते का?

या प्रश्नाचा विचार करण्यास या दोन प्रदेशांहून चांगले उदाहरण देशात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात, तर पुद्दुचेरीची साडेबारा लाखांच्या आसपास होती. दोन्हीकडे साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर होती. दोन्ही ठिकाणी युरोपीय सत्ता इंग्रज गेल्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली. फरक भूमीचा. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि तेही सलग. पुद्दुचेरीचे पाचशे चौरस किलोमीटरहूनही कमी आणि तेही चार तुकड्यांत. पुद्दुचेरी व कारैकल तमिळनाडूच्या कुशीत, माहे केरळच्या किनाऱ्यावर आणि यानम आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ. एका मंत्रिमंडळाने तीन राज्यांमध्ये विखुरलेल्या भूमीचा कारभार पाहावा, असा हा प्रकार आहे.

वारसाही भिन्न होता. फ्रेंच पुद्दुचेरीत कापड गिरण्या एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या आणि तेथील निळे कापड पश्चिम आफ्रिकेपर्यंत जात असे. गिरण्यांबरोबर कामगारवर्ग आला आणि त्याच्यामागून कामगार चळवळ. ३० जुलै १९३६ रोजी वसाहत सरकारच्या सशस्त्र दलाच्या गोळीबारात बारा कामगार मृत्युमुखी पडले. त्या लढ्यानंतर संघटनेचा आणि आठ तासांच्या कामाचा हक्क सरकारला मान्य करावा लागला. पोर्तुगीज गोव्यात असा औद्योगिक पाया नव्हता. तेथील कुटुंबे मुंबईत, आफ्रिकेत आणि जहाजांवर कामास गेलेल्या माणसांच्या पैशावर जगत. मुंबईच्या धोबीतलावातील गोवेकरांच्या ‘कूड’ ही त्या स्थलांतराची जिवंत खूण होय. १९५० नंतर लोहखनिज जपानकडे जाऊ लागले, भारताने नाकेबंदी केल्यावर आयात मालाचा व्यापार फोफावला आणि त्याबरोबर चोरटी वाहतूकही.

भारतात येण्याची रीतही वेगळी. किळूर येथे १८ ऑक्टोबर १९५४ रोजी झालेल्या मतदानात १७८ लोकप्रतिनिधींपैकी १७० जणांनी भारताच्या बाजूने कौल दिला आणि १ नोव्हेंबरला सत्तांतर झाले. कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी पूर्ण झाले. गोव्यात मात्र १९६१ च्या डिसेंबरात सैन्य पाठवावे लागले. पुढे दोन्ही ठिकाणी शेजारच्या राज्यात विलीन होण्याचा प्रश्न उभा राहिला. मराठी वाचकाला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवत असेल. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, तर केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. पुद्दुचेरीला अशी मतपेटी मिळाली नाही. परंतु १९७९ च्या जानेवारीत विलीनीकरणाची नुसती चाहूल लागताच तेथे उग्र आंदोलन झाले आणि तो विषय बारगळला.

विलीन न होण्यामागे भाषेचा व अस्मितेचा भाग होता, हे खरेच. पण अर्थकारणाचाही मोठा भाग होता आणि त्याची चर्चा कमी होते. लहान प्रदेशाची सर्वांत मोठी संपत्ती त्याची सरहद्द असते. शेजारच्या राज्यापेक्षा विक्रीकर दोन टक्क्यांनी कमी ठेवला, तरी वखारी, विक्रेते आणि कारखाने सरहद्द ओलांडून येतात. मोठ्या राज्याला हे परवडत नाही, कारण त्याचा आधीचा करच बुडतो. लहान प्रदेशाला मात्र थोड्या दराने मोठा महसूल मिळतो. कर-सवलतींच्या बळावर पुद्दुचेरीत कारखानदारी वाढली. गोव्यातही वेर्णा व इतर औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मितीचे कारखाने आले. मद्य आणि इंधन यांवरील कमी कर हा तर दोन्हीकडचा जुना आधार.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि या सरहद्दीचे बरेचसे मोल एका रात्रीत गेले. देशभर एकच दर असताना लहान प्रदेशाने आपला दर कमी ठेवावा, ही सोयच राहिली नाही. राज्यांना मिळणारी भरपाई २०२२ च्या जूनमध्ये संपली. पेट्रोल, डिझेल व मद्य यांसारख्या मोजक्याच वस्तू या कराबाहेर उरल्या. आज हे प्रदेश मद्यावर अधिकाधिक विसंबताना दिसतात, त्याचे एक कारण येथे आहे. ज्या हत्यारांनी ते शेजाऱ्यांशी स्पर्धा करत होते, त्यांतली बहुतेक काढून घेतली गेली आणि हाती एक बाटली उरली.

आता राहणीमानाकडे वळू. गोव्याचे दरडोई उत्पन्न पुद्दुचेरीच्या दुपटीहून अधिक आहे. एवढ्यावर थांबल्यास निकाल गोव्याच्या बाजूने लागतो. पण नीती आयोगाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्याच्या अहवालात गोव्यातील दरिद्री लोकांचे प्रमाण ०.८४ टक्के, तर पुद्दुचेरीतील ०.८५ टक्के आहे. हा निर्देशांक आरोग्य, शिक्षण, पाणी, स्वयंपाकाचे इंधन, घर अशा गोष्टींवरून काढतात. उत्पन्नात दुपटीचे अंतर आणि वंचिततेत जवळजवळ काहीच नाही, हे कसे?

याचा उलगडा आकड्यांच्या व्याख्येतच आहे. दरडोई उत्पन्न म्हणजे प्रदेशात जे उत्पादन झाले, त्याला डोक्यांनी भागून आलेला आकडा. खाणीचा नफा, औषध कारखान्याचा नफा, पंचतारांकित हॉटेलाचा नफा गोव्याच्या हिशेबात धरला जातो, पण त्याचा मोठा भाग ज्यांच्या खिशात जातो ते अनेकदा गोव्याबाहेर राहतात. उलट आखाती देशांतून व जहाजांवरून मुलाने पाठवलेला पैसा घर चालवतो, पण या हिशेबात येत नाही. पुद्दुचेरीतही फ्रेंच नागरिकत्व घेतलेल्या जुन्या सैनिक-कुटुंबांना फ्रान्सकडून मिळणारी निवृत्तिवेतने अशीच हिशेबाबाहेर राहतात. सरासरीचा आकडा प्रदेशाचे वजन सांगतो; पोट भरले की नाही ते सांगत नाही.

पोट भरण्याचे श्रेय बऱ्याच अंशी सार्वजनिक सेवांना द्यावे लागेल. पणजीतील वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते, पुद्दुचेरीतील १८२३ पर्यंत. आज बांबोळीचे गोमेकॉ आणि पुद्दुचेरीचे जिपमेर ही रुग्णालये त्या परंपरेचे वारस आहेत. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या आणि कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ मध्ये केला. लहान प्रदेशात मंत्रालयापासून शेवटच्या गावापर्यंतचे अंतर दोन तासांचे असते. जिल्हाधिकाऱ्याला न भेटणारा नागरिक मंत्र्याला बाजारात भेटतो. माझ्या अनुभवात प्रशासनाच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा हे अंतर अधिक परिणाम करते.

मग फरक कोठे? एक फरक अधिकाराचा. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. त्यामुळे वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रीय करांतील वाटा त्याला हक्काने मिळतो. पुद्दुचेरीला विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहे, पण राज्याचा दर्जा नाही. तिला दिले जाते ते अनुदान. राज्यकर्त्यांच्या हातात किती आहे, हे मोफत तांदळाच्या वादात दिसले. निवडून आलेल्या सरकारला लोकांना तांदूळ द्यायचा होता. नायब राज्यपालांचा आग्रह रोख रकमेचा होता. प्रश्न केंद्राकडे व मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि रोख रकमेचा निर्णय टिकला. तांदूळ चांगला की रोख चांगली, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण तो निर्णय ज्यांना मते मागायला पुन्हा दारात जायचे आहे, त्यांनी घ्यावा की नाही? तेथील सर्वांत मोठ्या कापड गिरणीला २०२० मध्ये कायमचे टाळे लागले, तेव्हाही हाच प्रश्न होता.

अधिकार मिळाला म्हणजे शहाणपण येते, असे मात्र नाही. गोव्याच्या खाणींचा इतिहास त्याचा पुरावा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणकाम थांबवले आणि २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ पट्टे रद्द केले. ट्रकमालक, बार्जवरचे कामगार, गॅरेजवाले एका फटक्यात मोकळे झाले. २०१४ च्या निकालात न्यायालयाने खनिज विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भावी पिढ्यांसाठीच्या कायम निधीत टाकण्यास सांगितले. जे विधानसभेने आधीच करायला हवे होते, ते न्यायालयाला सांगावे लागले. आणि इतक्या श्रीमंतीतही २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत गोव्यातील बेरोजगारीचा दर ८.५ टक्के होता, देशाचा ३.२ टक्के.

मराठी वाचकाच्या मनात येथे सिंधुदुर्ग आल्याशिवाय राहणार नाही. तीच लाल माती, तोच किनारा, तीच आडनावे. २००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटली. तरुण मुंबईला गेले किंवा रोज सरहद्द ओलांडून गोव्यातील कारखान्यांत कामाला जाऊ लागले. गंभीर रुग्णाची रुग्णवाहिका बांबोळीकडे धावते. २०१८ च्या आरंभी गोव्याने परप्रांतीय रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा त्या जिल्ह्यात असंतोष उसळला. १९६७ चा कौल उलट लागला असता, तर गोव्याचा उत्तर भाग आज सिंधुदुर्गासारखा असता का? इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे प्रश्न जपून विचारावेत. तरी एवढे म्हणता येते की राजधानी जवळ असणे, स्वतःचा अर्थसंकल्प असणे आणि दारात मोठे रुग्णालय असणे, या तीन गोष्टी सिंधुदुर्गाला दीर्घकाळ मिळाल्या नाहीत. त्या मिळण्यासाठी वेगळे राज्यच लागते असे नाही. जिल्ह्याला खरे अधिकार आणि पैसा दिला, तरी पुष्कळ साधते.

या तुलनेतून मला तीन गोष्टी हाती लागतात. पुद्दुचेरीला राज्याचा दर्जा, किमान तिच्या विधानसभेच्या निर्णयांना मान आणि वित्त आयोगाच्या वाटपात स्थान मिळाले पाहिजे. गोव्याने जमीन आणि खनिज या दोन्हींकडे उत्पन्न म्हणून न पाहता मुद्दल म्हणून पाहिले पाहिजे. २००७ मध्ये लोकांच्या रेट्याने वादग्रस्त प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला, हे त्या राज्यातील जागृतीचे लक्षण होते. आणि मोठ्या राज्यांनी लहान प्रदेशांचा हेवा करण्याऐवजी त्यांचे दोन तासांचे अंतर आपल्या दूरच्या जिल्ह्यांत कसे आणता येईल, याचा विचार करावा.

या विषयाशी आम्हा बंगळूरकरांचाही संबंध आहे. आठवड्याच्या शेवटी जाणारी बस परत येते. पण अलीकडे येथील वर्तमानपत्रांत गोव्यात दुसरे घर घेण्याच्या जाहिरातीही वाढल्या आहेत. वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या त्या घरामुळे राज्याचे दरडोई उत्पन्न वाढेल. त्याच गावातल्या तरुण शिक्षिकेला मात्र भाड्याची खोली मिळणार नाही. जाहिरात कापून ठेवण्यापूर्वी एवढा हिशेब आपण करायला हवा.