प्रश्न पाठवा, सही मिळवा!

प्रयोगशाळेतलं विज्ञान घराघरात नेणाऱ्या दोन प्राध्यापकांची गोष्ट

१६ फेब्रुवारी १९८०. भर दुपारी देशातले रस्ते ओस पडले होते. कर्फ्यू नव्हता की बंद नव्हता. होतं ते सूर्यग्रहण! दारं-खिडक्या लावून माणसं घरात बसली होती. दूरदर्शनवर तर त्या वेळेत चित्रपट लावण्यात आला होता.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीत पुन्हा ग्रहण आलं. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यात ते खग्रास दिसणार होतं. या वेळी मात्र तिथे पहाटेपासून माणसांची गर्दी झाली. दूरदर्शनने ग्रहण थेट दाखवलं. पडद्यावर एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक लहान मुलाच्या उत्साहाने ते समजावून सांगत होते. ते होते प्रा. यशपाल!

ग्रहण तेच, देश तोच. मग बदललं काय? विज्ञान चळवळीतल्या अनेकांचे कष्ट त्यामागे होते. पण आपलं संशोधन सांभाळून सामान्य माणसाशी बोलणारे दोन प्राध्यापक त्यात विशेष उठून दिसतात. एक यशपाल आणि दुसरे डॉ. जयंत नारळीकर.

पत्रांना उत्तरं देणारे यशपाल

यशपाल हे विश्वकिरणांचे अभ्यासक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केलं. पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक असताना १९७५-७६मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण घरोघरी त्यांचा चेहरा पोहोचला तो १९९१मध्ये सुरू झालेल्या ‘टर्निंग पॉइंट’ या मालिकेमुळे. प्रेक्षकांनी काहीही विचारावं आणि यशपालांनी सोप्या भाषेत उत्तर द्यावं! कोणताही प्रश्न त्यांना बाळबोध वाटत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस शाळकरी मुलाच्या शंकेत रमून जाई.

नाव बदलून कथा लिहिणारे नारळीकर

नारळीकरांचा जन्म १९३८मध्ये कोल्हापूरला झाला, पण ते वाढले बनारसला. वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉएल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणावर केलेल्या कामाने नारळीकर ऐन पंचविशीत जगभर गाजले. १९७२मध्ये ते भारतात परतले आणि टाटा संस्थेत प्राध्यापक झाले.

मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली, तेव्हा त्यांनी कथा पाठवली. पण कशी? आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली! परीक्षकांनी जगतापांना पहिलं बक्षीस दिलं. मोठ्या नावावर नव्हे, तर कथेच्या बळावर हा प्राध्यापक मराठी वाचकांच्या घरात शिरला.

१९८८मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. तिचे संस्थापक-संचालक नारळीकर आणि त्यांना हे काम सोपवण्यात पुढाकार यशपालांचा. इथे जगभरचे शास्त्रज्ञ येऊ लागलेच, पण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठीही व्याख्यानं सुरू झाली. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून मुलांसाठी विज्ञान शोधिका झाली. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करत तिथे अनेक वर्षं विज्ञान शिकवलं.

मुलांनी सहीसाठी वह्या पुढे केल्या की नारळीकर नकार देत. सही हवी तर पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवायचा. उत्तराखाली सही मिळेल! सहीचा हट्ट धरणाऱ्या मुलाला आधी विचार करावा लागे. खरी मेख इथेच होती.

कुंडल्यांची परीक्षा

लोकांशी बोलायचं म्हणजे त्यांना आवडेल तेच बोलायचं, असं नव्हे. २००८मध्ये नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र केल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या दिल्या. कोणती कुंडली कोणाची, एवढंच सांगायचं होतं. नाणं उडवलं तरी सरासरी वीस उत्तरं बरोबर येतील. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. त्यांची सरासरी वीसपेक्षाही कमी भरली!

इथे ‘मी शास्त्रज्ञ आहे, माझं ऐका’ असा आव नव्हता. कोणालाही समजेल अशी रीत आणि कोणालाही तपासता येईल असा निष्कर्ष होता. पण असे प्रश्न विचारणं सोपं नसतं. चाचणीतले दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली.

पुढे कोण?

यशपाल २०१७मध्ये गेले, नारळीकर मे २०२५मध्ये. विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचं कलिंग पारितोषिक दोघांनाही लाभलं. पण लोकांसाठी लिहिण्याने प्राध्यापकाला बढती मिळत नाही. उलट ‘यांचं संशोधन संपलं वाटतं’ असा टोमणा सहकाऱ्यांकडून ऐकावा लागतो. या दोघांनी तो खोटा पाडला.

आता थोडं आपल्याकडे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संशोधन संस्था सर्वांसाठी दारं उघडतात. तुमच्या गावात विद्यापीठ किंवा प्रयोगशाळा असेल, तर मुलांना घेऊन जरूर जा. तिथल्या प्राध्यापकांबरोबर फोटो काढा, हरकत नाही. पण निघण्यापूर्वी मुलाला एक तरी प्रश्न विचारू द्या. तो वेडगळ वाटला तरी मध्येच त्याला गप्प करू नका!