मिरजेची तार आणि संगणकाची सोळा घरे

सातारा-सांगली भागात वाद्यांवर पोट भरणारी आपली घरे थोडीथोडकी नाहीत. मिरजेत सतार-तानपुरे घडविणारे शिकलगार आहेत. कराड, सातारा, फलटणकडे बँड आणि बेंजो पार्ट्या आहेत. कव्वालीच्या पार्ट्या आहेत, लग्नसराईत साऊंड लावणारेही आहेत. या सर्वांच्या धंद्यात आता एक नवा गडी शिरला आहे, तो म्हणजे संगणकात चालणारा सिंथेसायझर. पूर्वी ज्याला पेटीएवढे यंत्र लागे, ते काम आता साध्या संगणकात भरलेले सॉफ्टवेअर करते. त्यात दोन अवजारे असतात. एकाचे नाव अर्पेजिएटर, दुसऱ्याचे स्टेप सिक्वेन्सर. नावे अवघड आहेत, पण काम आपल्या ओळखीचे आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे इंग्रजी शब्दांपुढे अडखळणाऱ्यांची अडचण आम्ही जाणतो. म्हणून हा विषय मागाच्याच भाषेत मांडतो.

विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या मागावर डॉबी सर्वांनी पाहिली आहे. लाकडी पट्ट्यांना भोके असतात आणि त्यांत खुंट्या बसवतात. पट्टी पुढे सरकली की जिथे खुंटी आहे ती फ्रेम उचलली जाते, जिथे नाही ती खाली राहते. पट्ट्यांची माळ एकदा फिरली की डिझाइन पहिल्यापासून सुरू होते. याला आपण रिपीट म्हणतो. फ्रान्समध्ये जकार्डने 1804 च्या सुमारास हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर आणले.

स्टेप सिक्वेन्सर म्हणजे सुरांची डॉबी. पडद्यावर ओळीने घरे दिसतात, बहुधा सोळा. प्रत्येक घरात आपण ठरवायचे की सूर वाजवायचा की घर रिकामे ठेवायचे, वाजवायचा तर कोणता, किती जोराने आणि किती लांब. यंत्र पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जाते आणि परत फिरते. गतीचा हिसाब सोपा आहे. मिनिटाला 120 ठोके ठेवले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. एका ठोक्यात चार घरे बसवली तर सोळा घरांचा फेरा दोन सेकंदांत पुरा होतो.

काही सॉफ्टवेअरमध्ये ही घरे सुराला हात लावत नाहीत, आवाजाचा खटका फिरवतात. सूर तोच राहतो, पण एका घरात आवाज दबका निघतो आणि पुढच्या घरात खुलतो. नवशिक्याचा येथे घोटाळा होतो. म्हणून सिक्वेन्सर सुराला जोडला आहे की आवाजाच्या खटक्याला, हे आधी पाहून घ्यावे.

अर्पेजिएटर त्याचा धाकटा भाऊ. यात आधी काही भरावे लागत नाही. सा, ग, प अशा तीन पट्ट्या एकदम दाबून धरल्या की यंत्र ते सूर एकामागून एक सुटे करून वाजवते. चढत न्यायचे, उतरत न्यायचे, चढ-उतार करायचा की कसेही उलटसुलट, हे आपण सांगायचे. किती सप्तकांत फिरवायचे तेही सांगता येते. शिवाय गेट नावाचा खटका असतो. तो कमी केला की सूर तुटक येतो, वाढवला की लांबतो. बोटे बदलली की चाल बदलते. बेंजो पार्टीतला कॅसिओवाला याच्या जोरावर एका हाताने भरणा देतो आणि दुसरा हात गाण्याला मोकळा ठेवतो.

ही नुसती परदेशी कारागिरी आहे असे कोणी समजू नये. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. तिचे नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. त्यांच्याकडे जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती. ज्युपिटर-8 मध्ये अर्पेजिएटर होता, टीबी-303 मध्ये खालच्या सुरांचा सिक्वेन्सर होता आणि टीआर-808 वर ठेका होता. रेकॉर्ड त्या वेळी फारशी चालली नाही. पुढे 1987 च्या सुमारास अमेरिकेतल्या शिकागो शहरातील पोरांनी त्याच टीबी-303 वर नव्या नाचगाण्याची लाट आणली. 2010 साली चरणजित सिंगांची रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा हा माणूस मुंबईत किती आधी तेथे पोहोचला होता ते जगाला कळले. 2015 साली ते वारले. यंत्रे पुष्कळांनी घेतली होती. पण घरांत राग भरायचा हे त्यांना सुचले, म्हणून नाव त्यांचे झाले.

आमचे म्हणणे हेच आहे. रिपीट यंत्र मारते, पण डिझाइन माणूस काढतो. ज्याला ताल ठाऊक आहे त्याच्या हातात हे अवजार जास्त चालते. कारखान्यातून यंत्र सोळा घरांचे येते, कारण तिकडचे संगीत चार-चारच्या हिशेबात चालते. आपला केरवा आठ मात्रांचा, म्हणजे मात्रेला दोन घरे धरली की सोळांत बरोबर बसतो. दादरा सहा मात्रांचा, त्याला बारा घरे ठेवावीत. रूपक सात मात्रांचा, त्याला चौदा. झपताल दहा मात्रांचा, त्याला वीस. फेऱ्याची लांबी बदलायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती न बदलता दादरा सोळांत कोंबला, तर दुसऱ्या फेऱ्यात सम हुकलीच समजा. मग गिऱ्हाईक म्हणते, यंत्राची गंमत नाही.

आता मिरजेकडे वळू. तानपुरा ही सुद्धा चार पावलांची माळच आहे. पंचम, दोन षड्ज, मग खर्जाचा षड्ज, आणि पुन्हा पंचम. बंगळुरूच्या राज नारायण यांनी 1979 साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, तो याच तत्त्वावर. पुढे तोही मोबाइलमध्ये आला. रियाझ करणाऱ्या विद्यार्थ्याला ते स्वस्त आणि सोयीचे पडते, त्यात त्याचा दोष नाही. पण ज्या घरात पूर्वी शिकण्यासाठी एक तानपुरा घेतला जाई, तेथे आता घेतला जाईलच असे नाही. मिरजेच्या कारागिराच्या पोटाशी येणारी गोष्ट आहे ती ही.

तरीही यंत्रात एक उणीव राहते. ज्याच्याकडे संगणक आहे त्याने स्वतः करून पाहावे. सहा घरे घ्या: पंचम, रिकामे, षड्ज, षड्ज, खर्ज, रिकामे. बहुतेक सिंथेसायझरवर पहिल्या प्रयत्नात ते तानपुऱ्यासारखे लागणार नाही. एक कारण असे की खऱ्या तानपुऱ्यात दुसरी तार छेडली तरी पहिली बोलतच असते. म्हणून एका वेळी अनेक सूर वाजू द्यावेत आणि सूर सोडल्यानंतरची लांबण वाढवावी. दुसरे कारण जवारीचे. घोडीचा माथा किंचित उताराचा घासलेला असतो, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवलेला असतो, आणि तार त्या उतारावर घासत बोलते. म्हणून एकाच तारेतून एकामागून एक वरचे सूर उमलतात. जवारी लावणे हे कानाचे आणि कानशीचे काम आहे. ते पडद्यावरच्या घरात आपोआप येत नाही.

यावर उपाय आहे आणि तो धंद्याचा आहे. खऱ्या तानपुऱ्याची प्रत्येक तार वेगळी ध्वनिमुद्रित करायची, ती संगणकात भरायची आणि मग सिक्वेन्सरने फिरवायची. अशा मुद्रित आवाजांना जगभर गिऱ्हाईक आहे. एकच आवाज सगळ्या पट्ट्यांत ताणला तर तो खोटा लागतो. म्हणून पुरुषी तानपुरा काळी एकच्या आसपास आणि जनानी तानपुरा काळी चारच्या आसपास, असे वेगवेगळे संच मुद्रित करावेत. हे काम जवारी लावणाऱ्याच्या घरातल्या पोराइतके चांगले दुसरा कोण करील?

मात्र व्यवहार डोळे उघडे ठेवून करावा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने वाद्यावरील मिरजेच्या नावाला संरक्षण मिळते. त्या वाद्याच्या मुद्रित आवाजाची मालकी त्यातून मिळत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क सर्वसाधारणपणे ते मुद्रण करविणाऱ्या निर्मात्याकडे जातो, आणि प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. उद्या कोणी माइक घेऊन कारखान्यात आला, तर 'या, वाजवून दाखवतो' एवढ्यावर काम करू नये. आवाज कोठे वापरणार, विकल्यावर वाटा किती आणि मिरजेचे नाव देणार की नाही, हे कागदावर घ्यावे. त्याहून बरे म्हणजे मुद्रण आपण स्वतः करवावे.

शिकण्याला पैसा फारसा लागत नाही. एलएमएमएस नावाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात अर्पेजिएटर आहे, ठेक्याची घरे आहेत आणि मुद्रित आवाज भरण्याचीही सोय आहे. हेल्म नावाचा मोफत सिंथेसायझर आहे, त्यातही ही दोन्ही अवजारे आहेत. दुकान बंद झाल्यावर रोज एक तास दिला तर एवढे काम हाती यायला फार दिवस लागत नाहीत. बँडवाल्याने आधी केरवा आणि दादरा बसवावा. वाद्य करणाऱ्याने आधी आपल्या एका तानपुऱ्याच्या चार तारा मुद्रित कराव्यात.

मिरजेचे शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरत आले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच हुन्नराने सतारी-तानपुरे करायला घेतले. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा आणून त्यांनी मिरजेचे नाव देशभर नेले. काम बदलले, पण हातातली नजर तीच राहिली. आजच्या पिढीला भोपळा आणि कानस सोडायला कोणी सांगत नाही. त्यांच्या शेजारी एक संगणक ठेवा, एवढेच आमचे म्हणणे. नाहीतर मिरजेचा आवाज जगात विकला जाईल, पण पावती दुसऱ्याच्या नावाने फाटेल.