परसातील कोंबडीचा कारभार

टास्मानिया बेटावरील बिल मॉलिसन आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ साली पुस्तकरूपाने जगापुढे मांडलेल्या पर्माकल्चर नामक शेतीविचाराचे मर्म विशद करताना मॉलिसन जो दाखला देत, तो कोणा महावृक्षाचा नसून कोंबडीचा असे. तिला अन्न, पाणी, सावली व संरक्षण हवे, मोबदल्यात ती अंडी, पिसे आणि खत तर देतेच, शिवाय दिवसभर माती उकरीत राहते, तेव्हा तिच्या गरजा बागेनेच भागवाव्यात आणि तिचा स्वभाव बागेच्या मशागतीस जुंपावा, अशी तजवीज करणे हीच त्यांच्या मते खरी कला.

उकरण्याचा हा स्वभाव तिला वारशाने मिळाला आहे. पाचोळ्याखाली भक्ष्य शोधणारा आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा तिचा मूळपुरुष; पायांचा पिवळा वर्ण मात्र, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार, आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचा. तिचे काम जरा जवळून न्याहाळावे: एका पायाने, मग दुसऱ्याने ती माती मागे फेकते, पाऊलभर मागे सरते, मान तिरकी करून एका डोळ्याने उकरलेली जागा तपासते आणि क्षणार्धात चोच मारते. कुदळीने वाफा उलथताच वर आलेली हुमणी, वाळवी, तणांचे बी यांची जप्ती ती चोख करते. परंतु गांडुळालाही तिच्या दरबारी तीच शिक्षा असल्याने, आणि मेथीच्या कोवळ्या रोपांची तिला दयामाया नसल्याने, तिला सर्वत्र सर्वकाळ मुभा देणे म्हणजे बागेवर पाणी सोडणे होय.

यास्तव वाफ्याच्या रुंदीचा, बांबूचा व जाळीचा बिनबुडाचा हलका पिंजरा करून तो कोंबड्यांसह काढणी झालेल्या वाफ्यावर ठेवावा आणि जमीन उकरून झाली की पुढल्या वाफ्यावर सरकवावा. जुन्या नारळा-आंब्याखाली त्यांना मोकळे सोडण्यास हरकत नाही.

शिटेची गोष्ट निराळी. पक्ष्यांचे मूत्र वेगळे पडत नाही. शिटेवर दिसणारा पांढरा थर हे यूरिक आम्ल असून, सूक्ष्मजीव त्याचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात, आणि म्हणूनच ताजी शीट बुंध्याशी पडल्यास कोवळे रोप करपते. खुराड्यात वाळला पाचोळा वा भाताचे तूस अंथरल्यास त्यातील कर्ब या अतिरिक्त नत्रास आवरून धरतो, आणि काही महिने कुजविल्यावर तेच उत्तम खत ठरते. ताज्या शिटेत रोगजंतू असू शकतात. तेव्हा कच्ची खाण्याची पालेभाजी अशा वाफ्यात लगोलग लावू नये.

लहान परसास तीनचार गावठी कोंबड्या पुरेत. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, त्यामुळे शेजाऱ्यांची पहाटेची झोपही शाबूत राहते. मात्र रानीखेत रोगाची लस वेळेवर द्यावी, आणि मुंगसाचा बंदोबस्त करण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने या फंदात पडू नये.