मेथीचा लाडू आणि आधी ठरवलेला प्रश्न

अल हैलमध्ये थंडी ती काय पडणार! तरी डिसेंबर उजाडला की मेथीच्या लाडवांचे डबे या घरातून त्या घरात फिरू लागतात. यंदा शेजारच्या काकू डबा देताना म्हणाल्या, "मेथीने साखर उतरते. मी आता गोळी बंद करणार." आमची लेक डॉक्टर. तिने वाद घातला नाही. "काकू, गोळी चालू ठेवा. आधी नीट शोधून बघू," एवढेच म्हणाली.

वाचकहो, शोधणे म्हणजे मनासारखे चार लेख वेचणे नव्हे. पद्धतशीर आढावा घ्यायचा तर आधी आराखडा लिहावा लागतो. रुग्ण कोणते? मेथी किती आणि किती आठवडे? तुलना कशाशी? मोजायचे काय, उपाशीपोटीची साखर की तीन महिन्यांची सरासरी? अभ्यास कुठे शोधायचे? दोघांनी वेगवेगळे निवडले आणि मतभेद झाला, तर निर्णय कोणाचा? हे सारे निकाल पाहण्याआधी ठरायला हवे. नाहीतर बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढल्यासारखे होते!

हा आराखडा 'प्रॉस्पेरो' नावाच्या नोंदवहीत विनामूल्य नोंदवता येतो. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या केंद्राने ती २०११ मध्ये सुरू केली. तोच प्रश्न आधी कोणी हाती घेतला आहे का, तेही तिथे कळते आणि दुहेरी मेहनत वाचते. नोंदीला क्रमांक मिळतो. पुढे बदल करता येतो, पण तो लपत नाही. आराखड्यात काय असावे, याची १७ कलमांची 'प्रिझ्मा-पी' ही यादी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

मेथीचे काय? २०१४ च्या एका आढाव्यात १० चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. साखर थोडी उतरलेली दिसली, पण बऱ्याच चाचण्यांचा दर्जा यथातथाच होता. गोळी सोडा, असे त्यातून मुळीच निघत नाही.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे मेथी गुणाची, पण पुरावा कच्चा!" त्या हसून म्हणाल्या. त्यांची गोळी चालू आहे. आणि लाडवात गूळ किती घालतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.